विषय क्रमांक चार

इतिवृत्त मीच लिहायचो.
जिमखाना समिती, दुपारी तीन.
गंगापूर रोडकडची खिडकी लावलेली,
तरी हॉर्न आत येऊन बसायचे
सदस्यांसारखे.

मागील इतिवृत्त वाचून कायम केले.
जिमखाना फी दरडोई अडीचशे, विद्यार्थी चौतीसशे.
गुणाकार कुणी केला नाही.
बोरस्ते सर म्हणाले, क्रिकेटला मॅट हवी,
पालक तेवढंच बघायला येतात.
खैरनार मॅडमचं बिस्कीट चहात तुटलं,
ते चमच्यानं काढेपर्यंत मॅट मंजूर.

मग विषय क्रमांक चार.
कुंदा भोये, एस.वाय.बी.ए., पाच हजार मीटर.
पुण्याच्या एका कॉलेजानं बोलावलंय:
होस्टेल, दूध-अंडी, सिंथेटिक ट्रॅक.
तिला दाखला हवा.

निरगुडे सर खुर्चीतून अर्धे उठले.
"अकरावीला करंजाळीहून आली
तेव्हा पायात भावाचे बूट, पुढे कापूस कोंबलेला.
चार वर्षं पहाटे साडेपाचला शिट्टी घेऊन मी उभा.
अंडी माझ्या पगारातली, विचारा घरी.
आणि आता पदक दुसऱ्याच्या कपाटात?"

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं.
म्हणूनच कुणाला बोलता येईना.
शेवटी कुणीतरी हळूच म्हणालं,
थकबाकी काढा काहीतरी.
लायब्ररीचं पुस्तक. हरवलेली बॅटन.
आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं,
कारण थकबाकी माझ्या टेबलावर तयार होते.

आता ट्रॅकचं सांगतो, ते इतिवृत्तात नाही.
स्टाफच्या गाड्यांना शेड झाली
त्या वर्षी उत्तरेचं वळण आत ओढलं.
फक्की मारणाऱ्या रंगनाथ पगारेच्या टेपनं भरलं
तीनशे बहात्तर.
फाइलवर चारशेच राहिलं.
चारशेवर पेपरात फोटो आला,
चारशेवर अनुदान.
साडेबारा फेऱ्या म्हणजे पाच हजार, सगळे असंच मोजायचे.

कुंदा साडेतेरा मारायची.
सर घड्याळ थांबवायचे,
ती हात वर करून तशीच पुढे,
थंडीत तोंडातून वाफ सोडत
एक फेरी एकटीच.
आम्हाला वाटायचं, हौस.
रंगनाथनं एकदा विचारलं.
म्हणाली, "पावलं मोजली होती, मामा.
इथं कमी आहे. बाहेर गेल्यावर जड जातं."
मग सरांना का नाही सांगितलंस?
"त्यांना वाईट वाटलं असतं."

विषय क्रमांक चारखाली मी लिहिलं:
सविस्तर चर्चा झाली.
थकबाकी तपासून दाखल्याबाबत निर्णय घ्यावा.
सह्या झाल्या.
बिस्किटांचं बिल किरकोळ खर्चात घातलं.

सगळे गेल्यावर जावक नोंदवही उघडली.
आदल्या दिवशीच्या शेवटच्या ओळीखाली
बोटभर जागा होती.
बोटभर पुरते.
मॅडम गर्दीच्या दिवसांसाठी
कोऱ्या दाखल्यांवर सह्या करून ठेवत,
त्यातला एक घेतला.
मला धाडसी म्हणू नका.
निवृत्तीला पाच महिने होते,
फंडाचे कागद पुढे गेलेले.

वर्तणूक: चांगली.
थकबाकी: निरंक.
कॉलेज सोडण्याचे कारण.
इथे तीस वर्षं 'स्वेच्छेने' लिहीत आलो होतो,
हात सवयीनं 'स्व'च्या गाठीपर्यंत गेलासुद्धा.
मी लिहिलं: अंतर.
मोहर थोडी तिरकी बसली.

चौथ्या दिवशी सकाळी
निरगुडे सर ऑफिसच्या दारात उभे.
गळ्यात शिट्टी, बुटांना ओली माती.
म्हणाले, रंगनाथची टेप कुठे असते?
मी कपाटाची किल्ली पुढे केली.
कशाला, ते विचारलं नाही.